एका ढिगाचे सहा पंचनामे

मंडळी, कालव पाहिलंय ना? खाडीकाठची माणसं तुम्ही, खाल्लंय म्हणा! पण नीट पाहिलंय? दोन कवचं असतात. एक खोलगट, एक चपटं. मागच्या बाजूला बिजागरीसारखा चिवट पट्टा. आणि आत, मधोमध, करंगळीच्या नखाएवढा एक स्नायू. आता गंमत बघा. तो पट्टा सारखा कवचं उघडायला बघत असतो, आणि स्नायू ती ओढून धरतो. म्हणजे उघडायला कालवाला काहीच करावं लागत नाही. मिटून राहायला मात्र सतत बळ लावावं लागतं. टोपलीत टाकलं, बाजारात नेलं, तरी ते आपलं ओढून धरलेलंच! बळ संपलं, की उघडतं. आणि उघडं दिसलं, की आपण म्हणतो — मेलं.

हे झालं कालवाचं. आता माणसाचं विचारते. देवीसमोर उभी राहून विचारते, तेव्हा उत्तर विचार करून द्या. संशय कुणाला जास्त येतो? ज्याची फसवणूक झाली त्याला — की ज्यानं केली त्याला?

"झाली त्याला!" पुढच्या रांगेतून लगेच आलं बघा उत्तर! बरं. हातातलं उत्तर घट्ट धरून ठेवा. आख्यान संपेपर्यंत सोडायचं नाही. सोडावंसं वाटलं, तर शेजाऱ्याला कळू देऊ नका!

मंडळी, ऐका. आडखोल नावाचं गाव. नकाशावर शोधू नका, आख्यानातलं गाव आहे. पण खाडी तुमच्या खाडीसारखीच — भरतीला चांदी, ओहोटीला चिखल. त्या खाडीत बायकांचा एक बचतगट कालवं वाढवायचा. कशी? पाण्यात बांबूचे मांडव. कालवांची जुनी कवचं मधोमध भोक पाडून दोरीत ओवायची, त्या माळा मांडवाला टांगायच्या. कालवांची पिल्लं पाण्यातून येतात, त्या कवचांना चिकटतात, तिथंच वाढतात. बायकांनी काय करायचं? माळा वर काढायच्या, हलवायच्या, धुवायच्या. कारण खाडीचं पाणी गाळ आणतं. गाळ बसला, की कालव गुदमरतं. हे काम चुकवून चालत नाही. आज कंटाळा आला, उद्या बघू — हे कीर्तनाला चालतं, कालवाला नाही!

गटात सात जणी. प्रत्येकीचा मांडव वेगळा, प्रत्येकीची खाडीतली जागा ठरलेली. आणि एक नियम. दसऱ्यापर्यंत ज्या मांडवावर नव्या माळा चढल्या नाहीत, ती जागा गट काढून घेणार आणि दुसरीला देणार. वाट बघणाऱ्या बायका काठावर उभ्याच होत्या.

सातांतल्या तिघी ध्यानात ठेवा. बाकीच्या चौघी माना हलवायला आहेत — प्रत्येक गटात असतात!

पहिली, सुगंधा कोचरेकर. गटाची अध्यक्ष. सगळ्यांची सुगंधावयनी. बोलणं मोजकं, पदर नीट, सरकारी माणसासमोर न घाबरणारी. दुसरी, रतन मिठबावकर. तिची जीभ भरतीला ओहोटीला एकाच वेगानं चालायची. आणि तिसरी, द्वारका केळुसकर. तिचा मांडव सगळ्यांत आत, खाडी जिथं अरुंद होते तिथं. नवरा विश्राम. त्याची पाठ गेलेली, बोटीवर जाणं बंद. म्हणजे घर चालायचं ते त्या मांडवावर. मांडव आहे तर द्वारका आहे. मांडव गेला तर...? तर काय, ते तिनं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

आणि मग तो आजार आला. सांगायला नको कुठला! हॉटेलं बंद, गाड्या बंद, बर्फ बंद. कालवं काय टाळेबंदी जाणतात? ती आपली वाढतायत! मग बायकांनी काय केलं? टोपल्या पदराखाली झाकून आडवाटेनं वरच्या वाड्यांत विकली. मिळेल त्या भावात दिली. उरली ती घरी खाल्ली. सकाळी कालवं, संध्याकाळी कालवं! रतनची पोरं म्हणाली, "आये, आज तरी डाळ कर गे!" नुकसान झालंच, मंडळी. कुणाचंही झालं नाही असं मी म्हणत नाही. कष्टाचा माल मातीच्या मोलानं गेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्या बायकांना बोलणार आहे, आणि उगाच बोलले असं होऊ नये.

द्वारकेचं मात्र वेगळं झालं. विश्राम आजारी पडला. गाडी आली, त्याला घेऊन गेली. दारात आडवे बांबू ठोकले, आणि द्वारका आत! तिनं सुगंधेला फोन केला.

"वयनी, माझी कालवां तेवढी धुवन ठेवशात काय गे? गाळ बसात."

"बघतंय हां," सुगंधा म्हणाली.

बघतंय! काय सुंदर शब्द आहे! "हो"पण नाही, "नाही"पण नाही. आबा, तुमची पेटी असा सूर काढू शकेल का — सा पण नाही, रे पण नाही? नाही ना? माणसाच्या गळ्यातून निघतो!

कोणी गेलं का द्वारकेच्या मांडवावर? नाही. का? रतन म्हणाली, "तिच्या दोरयेक हात लावलो आणि माका झाला तर? माझ्या पोरांका कोण बघतला?" खाऱ्या पाण्यात भिजलेल्या दोरीवर आजार बसून राहतो होय? हसू नका! तेव्हा आपण कोथिंबिरीची जुडीसुद्धा साबणानं धुवत होतो. भीती खोटी असेल, भिणारं माणूस खोटं नव्हतं.

विश्राम परत आला. बांबू निघाले. द्वारका धावत मांडवावर गेली. पहिली माळ वर ओढली — जड! गाळानं जड. पाण्यात खळबळली. एकेक कवच उघडं. दुसरी माळ, तिसरी. सगळीच उघडी. तिनं सगळ्या माळा कापल्या आणि मेलेल्या कालवांचा ढीग बांधावर घातला. वास असा, की कावळेसुद्धा दूर बसून विचार करत होते.

आता सरकारची दया सुरू होते. ऐका!

आजाराच्या काळात किनाऱ्यावर ज्यांचं नुकसान झालं, त्यांना भरपाई मिळणार असं जाहीर झालं. खाजणातल्या भातशेतीचं सोपं होतं. सातबारा दाखवला, काम झालं. पण पाण्याला सातबारा असतो का? खाडीतली कालवं कुणाच्या नावावर? म्हणून हुकूम निघाला — साहेब स्वतः येणार, मांडव बघणार, आणि मेलेला माल डोळ्यांनी दिसला तरच पंचनामा करणार.

मेलेला माल! सुगंधेच्या पडवीत सातही जणी बसल्या.

रतन म्हणाली, "आता मेलेला खयसून आणू? आमचा तर पोटात गेला!"

"नुकसान तर झालाच मा?" सुगंधा म्हणाली.

"झाला. पण त्या सायबाक पोट फाडून दाखवू?"

सगळ्या हसल्या. द्वारकाही हसली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सांगायला लागलं नाही. द्वारकाच म्हणाली, "माझो ढीग आसा थयसर. होयो तर न्हेवा."

बघा मंडळी! जिची कालवं कुणी धुतली नाहीत, तिनं मेलेलीसुद्धा देऊन टाकली! सुगंधेला भरून आलं. ती म्हणाली, "द्वारके, तुझो मांडव शेवटाक. सायब तुझ्याकडे पोचाच्या आधी ढीग तुझ्या बांधार परत. माझो शब्द."

बेत काय ठरला? रतननं होडीत ढीग भरायचा. साहेब जेटीपासून बांधावरून चालत येणार. होडीनं पुढं पळायचं. पहिल्या मांडवावर ढीग ओतायचा. साहेब येणार, फोटो काढणार, लिहिणार. त्यांची पाठ वळली, की ढीग परत होडीत, आणि पुढच्या मांडवावर! साहेब बांधाच्या वळणावर, तोवर होडी दुसऱ्या काठाला!

पुढे पुढे नुकसान पळतसे, होडीमध्ये बसुनी,
साहेब बिचारे मागाहुन, येती बांध तुडवुनी!

म्हणा मंडळी, म्हणा! टाळ्या वाजवा त्या ढिगासाठी! एवढा प्रवास कुठल्या कालवानं जिवंतपणी केला नसेल!

पहिला पंचनामा झाला. दुसरा झाला. साहेब माणूस चांगला होता हो. तिसऱ्या मांडवावर रुमाल नाकाला लावून म्हणाला, "अरेरे, इथंही तसंच! काय वाईट रोग पडलाय!" चौथ्यावर म्हणाला, "वाससुद्धा तोच!" सुगंधा त्याच्याबरोबर चालत होती. चेहऱ्यावर रेघ हलली नाही तिच्या. "व्हय सायबानू," म्हणाली, "खाडी एकच ना." पाचवा झाला. सहावा रतनचा. तोही झाला.

आता राहिला द्वारकेचा. खरा.

आणि इथं चूक झाली. अशी चूक, की खाडीत जन्म गेलेल्या बायकांनी करू नये! बेत करताना त्यांनी साहेबाची वेळ बघितली. जेटीपासून किती मांडव, कुठं किती उभं राहायचं, सगळं बघितलं. बघितली नाही ती ओहोटी! रोज पाण्याच्या वेळेवर जेवण-झोप ठरवणाऱ्या बायका, आणि त्या दिवशी सगळ्यांचे डोळे साहेबाच्या घड्याळावर! रतननं ढीग होडीत भरला, बांबू रेटला, आणि होडी बसली चिखलात. हलेना. आत खाडी अरुंद, तिथलं पाणी आधीच निघून गेलेलं.

द्वारका आपल्या बांधावर उभी. तिला होडी दिसतेय. चिखलात कललेली. ढीग त्यात. आणि समोरून साहेब येतायत.

साहेबांनी मांडव बघितला. रिकामे बांबू. एक माळ नाही, एक कवच नाही.

"मेलेला माल कुठाय?"

"होतो सायब."

"होता तर गेला कुठं?"

"न्हेलो."

"कुणी नेला?"

द्वारकेनं सुगंधेकडे बघितलं. सुगंधा साहेबांच्या शेजारीच उभी होती. एवढ्या जवळ, की तिनं नुसतं "सायबानू, जरा थांबा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिनं पाण्याकडे बघितलं. पाणी नव्हतंच तिथं! पण बघितलं.

साहेबांनी लिहिलं — नुकसान नाही.

आलं ध्यानात? एका ढिगाचे सहा पंचनामे झाले. आणि ज्या मांडवावरचा तो ढीग, तो मांडव कोरा राहिला. सहा जणींना भरपाई मिळाली. सातवीला नाही. आणि खरं मेलं होतं ते फक्त सातवीचं!

आता तुम्ही म्हणाल, बाई, उपाय सोपा आहे. सहा जणींनी बसून द्वारकेला तिचं द्यावं. आपापल्यातलं काढावं, नाहीतर साहेबाकडे जाऊन खरं सांगावं. बरोबर! सुगंधेच्याही मनात पहिल्या रात्री हेच आलं. ती खरंच वाईट बाई नव्हती. "सोमवारच्या बैठकीत बोलूया," म्हणाली. सोमवारी एकीच्या घरी पाहुणे. पुढच्या खेपेला एकादशी. त्याच्या पुढं कुणीतरी म्हणालं, "आधी पैसे खात्यात जमा होऊ दी." झाले. मग कुणीतरी म्हणालं, "गणपती होऊ दी." गणपतीसुद्धा आले आणि गेले, मंडळी. पण तो विषय काही पाटावर बसला नाही!

आणि न बोललेली गोष्ट काय करते? स्वस्थ बसते? नाही! ती कुजते. आणि तिच्यातून संशय उगवतो. कसा ते बघा.

एक दिवस साहेबांची जीप द्वारकेच्या दारात थांबली. रतननं बघितली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं — "सायब द्वारकेकडे कित्याक इलो? कायतरी शिजता." थांबा. दिसलं काय? जीप. ठरवलं काय? कारस्थान! मधलं अंतर कुणी मोजलं? साहेबांच्या ड्रायव्हरला इंजिनात घालायला पाणी हवं होतं. द्वारकेनं कळशी दिली. बस्स. पण हे विचारायला तिच्या दारात जावं लागलं असतं. आणि तिच्या दारात जायला सहा जणींचे पाय तयार नव्हते!

मग तिच्या छपरावर नवं निळं प्लास्टिक दिसलं. "खयसून इला? आमच्याकडे तर म्हणता पैसे नाय!" भावानं पाठवलं होतं. मग ती बैठकीला यायची बंद झाली. "बघ, तोंड चुकवता!" मग ती एकदा बैठकीला आली. "बघ, ऐकून जाऊक इली!" येऊ नये तरी दोषी, यावं तरी दोषी! मंडळी, प्रयोगशाळेत जर असा काटा सापडला, की वजन टाका किंवा टाकू नका, तो एकाच बाजूला झुकतो, तर आपण काय म्हणतो? वजन वाईट आहे? नाही हो! काटा बिघडलाय!

आणि द्वारका काय करत होती? ती काय देवी होती? तिलाही संशय होताच. घरात विश्रामला म्हणाली, "होडी रुतली, की रुतवल्यानी?"

विश्राम पडल्या पडल्या म्हणाला, "रतन काय खाडीचा पाणी उपसून टाकीत?"

"त्या दिवशी सुगंधावयनीन माझ्याकडे बघल्यान सुद्धा नाय."

"मग जाऊन इचार."

"माझोच ढीग न्हेलो आणि मीच इचारू?"

बघा. हिचाही पाय उचलत नाही. पण फरक ध्यानात घ्या. द्वारकेचा संशय एक होता, आणि तो आकसत चालला होता. दसरा जवळ येत होता. तिच्या मांडवाला नव्या माळा नव्हत्या, दोरी नव्हती, अर्धे बांबू किड्यांनी पोखरलेले. संशय घ्यायला फुरसत लागते. तिला ती नव्हती. रोज सकाळी ती त्या रिकाम्या मांडवात कंबरभर पाण्यात उभी राहायची, आणि चांगले बांबू कुठले, गेलेले कुठले, ते दाबून बघायची. आणि सहा जणींचा संशय मात्र रोज वाढत होता! का वाढत होता?

सांगते. कारण तो सोयीचा होता. द्वारका भली बाई असेल, तर तिचं तिला द्यावं लागतं. द्वारका लबाड असेल, तर? तर काहीच द्यावं लागत नाही! म्हणून तिला लबाड ठरवायला सहा जणी रोज नवं कारण शोधून आणत होत्या. कुणी ठरवून करत नव्हतं हो. आपोआप होत होतं. माणूस ज्याचं नुकसान करतो, त्याच्याच हाताकडे बघत बसतो — आता हा उलटून मारणार, आता मारणार!

पुढच्या रांगेतलं उत्तर अजून हातात आहे का? की पिशवीत गेलं?

आणि मग निरोप आला. फेरतपासणी! साहेब परत येणार, सगळे मांडव परत बघणार, सगळ्यांना परत विचारणार.

सुगंधेच्या पडवीत एकच कल्लोळ. "कोणी सांगितल्यान?" "कोण सांगतला दुसरा? जेका मिळाला नाय ती!" "जीप उगीच थांबलेली?" खरं काय होतं ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. कुणीही सांगितलं नव्हतं. फेरतपासणी अख्ख्या किनाऱ्याची होती. आंब्यावाल्यांची, खाजणवाल्यांची, सगळ्यांची. पण संशयानं भरलेल्या घरात निरोपसुद्धा आपल्या एकट्याच्याच नावानं येतो.

रतन म्हणाली, "देवीक कौल लावूया! कोणी चुगली केल्यान ता देवीच सांगतली. नाव इला, की तिची जागा काढून घेवची. तसोय दसरो जवळ इलो."

ऐकलंत? तसाही दसरा जवळ आलाय! चौघींनी माना हलवल्या. सुगंधेनं हलवली नाही. पण नाहीसुद्धा म्हणाली नाही. तीच मागची सवय — पाण्याकडे बघायची.

मंगळवारी सकाळी सगळ्या पावणाईच्या देवळात जमल्या. द्वारकेलाही बोलावणं गेलं. ती आली. खाडीतूनच आली, लुगड्याचा ओचा ओला. खांबाला टेकून उभी राहिली. कशासाठी बोलावलंय, ते तिला वाटेतच कळलं होतं. या देवळातून बाहेर पडताना आपली जागा आपली राहिलेली असेल का नसेल, एवढाच तिला प्रश्न होता.

आता कौल म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण त्याच्या आधी काय असतं? गाऱ्हाणं! भिवा गुरवानं पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि सुरू केलं, मागून बायकांची साथ,

"बा देवी पावणाई! आज हयसर तुझी लेकरां जमलेली आसत..."

"व्हय महाराजा!"

"तेंच्या मनात शंका इली आसा..."

"व्हय महाराजा!"

"तर आज तेंचा जा काय गेला आसा..." आणि भिवा थांबला. मागे वळला. "काय गेला सांगू?"

"म्हणजे?" रतन म्हणाली.

"म्हणजे तुमचा काय गेला ता देवीक सांगूक होया मा? म्हैस गेली तर म्हैस, दागिनो गेलो तर दागिनो. कोणाचा काय गेला, ता सांगल्याबगर गाऱ्हाणा पुरा कसा होतला?"

रतननं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. अख्ख्या आडखोलात ही घटना पहिल्यांदाच घडत होती!

"आमची अब्रू गेली!" ती शेवटी म्हणाली.

"गेली," भिवानं शांतपणे विचारलं, "की जातली म्हणान भिया वाटता?"

चौघी खाली बघायला लागल्या. हसण्यासारखं होतं, पण देवळात कुणी हसलं नाही. भिवाला काही माहीत नव्हतं, मंडळी. त्यानं काही ताडलंही नव्हतं. त्याला फक्त गाऱ्हाणं पुरं करायचं होतं. देवीसमोर अर्धं वाक्य कसं सोडायचं? तो हात जोडून वाट बघत राहिला.

"वयनी," तो सुगंधेकडे वळला, "तू अध्यक्ष मा? मग तूच सांग. गटाचा काय गेला?"

सुगंधा पुढं आली. देवीसमोर उभी राहिली. आबा, पेटी थांबवा जरा. मृदंगही नको.

आता मंडळी, तिला तिथंच उभी राहू द्या. आणि तुम्ही या. या हो, एकेक जण या! तिच्या जागी उभे राहा. घाबरू नका, मी नावं विचारणार नाही. तुमच्या मनात ज्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त संशय आहे, त्या माणसाला डोळ्यांसमोर आणा. भाऊ असेल. बांधाला बांध लागलेला शेजारी असेल. वेगळी झालेली सून असेल. आणलंत? आता भिवा गुरवानं मला — म्हणजे सुगंधेला हो — जे सांगायला लावलं, तेच मी तुम्हाला विचारते. तुमचं काय गेलं? नीट आठवा. दिसलं ते सांगा, वाटलं ते नको. त्यानं तुमचं काय नेलं? आणि ते आठवत नसेल, तर जरा उलटं बघा. तुमच्याकडे त्याचं काय आहे? कुठला शब्द द्यायचा राहिलाय? कुठल्या दिवशी तो तुमच्याकडे बघत होता, आणि तुम्ही पाण्याकडे बघत होतात?

मी उत्तर मागत नाही. माझ्याकडे द्यायचं ते नाहीच. पण हे एवढं घरी घेऊन जा. प्रत्येक संशयाला त्याचं गाऱ्हाणं पुरं करायला लावा. पुरं झालं, तर खुशाल कौल लावा, साहेबाकडे जा, कोर्टात जा! आणि होत नसेल, वाक्य मधेच अडकत असेल, तर समजा, की आरोपी दुसरीकडे नाही. तो हात जोडून उभा आहे, आणि चप्पल देवळाबाहेर काढून आलाय.

हं. आता परत सुगंधेकडे चला.

ती देवीकडे बघत होती. मागून रतन पुटपुटली, "वयनी, काय बोलू नको. भरपाई परत घेतीत." सुगंधेला ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं. मग ती वळली. देवीकडे पाठ करू नये म्हणतात. तिनं केली. द्वारकेकडे सरळ बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. द्वारका खांबापासून सुटी झाली, पण पुढं आली नाही.

सुगंधा म्हणाली,

"भिवा, पाकळ्यो काढ. कौल नको. आमचा कायएक गेलेला नाय. गेला ता द्वारकेचा. तिची कालवां आमी धुतली नाय म्हणान मेली, आणि ती मेलेलीसुद्धा आमी वापरली. सायब इलो, की मीच तेका सांगतलंय — ढीग एकच होतो, आणि तो द्वारकेचो. भरपाई परत मागल्यानी, तर आमी परत दितलंव. आणि उद्या भरतेक सातय जणींनी द्वारकेच्या मांडवार यायचा, तिच्या माळो बांधूक."